एका नगाची चेसी
चेसीपासून चॉपर : भाग 3

भोसरी एमआयडीसीतल्या जॉबवर्कच्या कुठल्याही शेडमध्ये ड्रॉइंग घेऊन जा, पहिला प्रश्न ठरलेला असतो : "क्वांटिटी किती?" उत्तर "एक" आले की मालक ड्रॉइंग परत देतो, नाहीतर चहा मागवतो. चहा आला तर काम होण्याची आशा धरावी.

यात मालकाचे काही चुकत नाही. आकुर्डी, भोसरी, तळवडे, चाकण हा सगळा पट्टा हजारांच्या हिशेबाने उभा आहे. बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना 1999 मध्ये सुरू झाला आणि 2001 मध्ये पल्सर बाजारात आली. तेव्हापासून मोटरसायकलचे सुटे भाग करणाऱ्या शेडची गणितेही तशीच बसली. फिक्स्चरला कितीही खर्च झाला, तरी तो लाखो नगांवर वाटला जातो. चॉपर मात्र एकच नग असतो. त्याची चेसी करताना फिक्स्चरही तुमचे, चाचणीही तुमची आणि चूक झाली तर पडणारेही तुम्हीच.

गेल्या भागात आपण इंजिन निवडले होते : ओतीव लोखंडी इंजिनाची जुनी बुलेट. आपल्याकडे चॉपर बांधणारे बहुतेक बुलेटपासूनच सुरुवात करतात. मुंबईत अक्षय वर्दे यांच्या 'वर्देंची'ने नाव कमावले, तेही मुख्यतः रॉयल एनफिल्डच्या इंजिनांवर. पण बुलेटच्या मूळ चेसीत एक मेख आहे. समोरून उतरणारी नळी इंजिनापाशी येऊन थांबते आणि इंजिनाखालून नळी जातच नाही. इंजिन हाच चेसीचा एक दुवा आहे. त्यामुळे मूळ चेसीची मान कापून ती पुढे झुकवणे हा सोपा दिसणारा, पण धोक्याचा मार्ग आहे. आपण पाळणा पद्धतीची नवी चेसी करणार आहोत, म्हणजे दोन नळ्या इंजिनाखालून मागच्या एक्सलपर्यंत जातील.

आता मुख्य प्रश्न : मान किती झुकवायची?

चेसीच्या ज्या नळ्यात कोनसेट बसतो, तो नळा उभ्या रेषेपासून जितके अंश कललेला असतो त्याला रेक म्हणतात. त्याच नळ्याची मध्यरेषा खाली जमिनीपर्यंत वाढवा. ती टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे जमिनीला लागते. या दोन बिंदूंमधले अंतर म्हणजे ट्रेल. रुग्णालयातला स्ट्रेचर ढकलताना त्याची चाके आपोआप मागे वळून सरळ होतात, तेच काम इथे ट्रेल करतो : चाकाला सरळ रेषेत परत आणतो. ट्रेल फार कमी झाला तर वेगात हँडल थरथरते. फार वाढला तर गाडी हायवेवर रुळावरून गेल्यासारखी सरळ जाते, पण कमी वेगात हँडल जड होते आणि थोडे वळवले की चाक स्वतःच्या वजनाने एका बाजूला कोसळू पाहते.

आकडे मांडू. चाकाची त्रिज्या 320 मिलिमीटर आणि कोनसेटच्या मध्यरेषेपासून एक्सल 40 मिलिमीटर पुढे आहे, असे धरा. रेक 25 अंश असेल तर ट्रेल सुमारे 105 मिलिमीटर येतो. बाकी काही न बदलता रेक 40 अंश केला की ट्रेल 216 होतो, म्हणजे दुपटीहून जास्त. शिवाय कोनसेटच्या बुडापासून एक्सलपर्यंत फोर्क 70 सेंटीमीटर असेल, तर चेसीची उंची तीच ठेवण्यासाठी तो सुमारे 14 सेंटीमीटर लांब करावा लागतो. पुढचे चाक सुमारे 24 सेंटीमीटर पुढे सरकते, तेवढाच व्हीलबेस वाढतो आणि वळायला जागाही जास्त लागते. अशी गाडी घेऊन संध्याकाळी चाकणच्या तळेगाव चौकातून वाट काढणे म्हणजे दोन्ही दंडांचा व्यायाम.

उपाय आहे. एक्सल मध्यरेषेपासून आणखी पुढे न्यायचा. वरच्या उदाहरणात 40 अंशांना 120 मिलिमीटर ट्रेल हवा असेल, तर हे अंतर 40 ऐवजी सुमारे 114 करावे लागेल. दुसरा मार्ग म्हणजे फोर्कच्या नळ्या धरणारी टी कललेली घ्यायची. तिच्यात फोर्कच्या नळ्या कोनसेटच्या रेषेपेक्षा काही अंश जास्त पुढे झुकतात आणि ट्रेल कमी होतो. पण मूळ चेसीची मान तशीच ठेवून नुसती कललेली टी बसवली, तर आधीच जेमतेम असलेला ट्रेल आणखी घटतो. गाडी उभी असताना चॉपर दिसते आणि ऐंशीच्या वेगात हँडल हातात राहत नाही. बाहेरून ही गाडी आणि हिशेबाने बांधलेली गाडी सारख्याच दिसतात, म्हणून हा हिशेब फोटो बघून करता येत नाही.

कोन ठरला की जिग. जाड, सपाट प्लेटवर इंजिन, कोनसेटचा नळा आणि मागचा एक्सल आधी जागच्या जागी आवळायचे आणि नळ्या नंतर त्यांच्याभोवती बसवायच्या. जिगला चेसीपेक्षा जास्त पैसे लागतात, आणि इथेच बहुतेकांचा हात आखडतो. नळी सव्वा इंची, तीन मिलिमीटर जाडीची सीमलेस मिळाली तर उत्तम. ईआरडब्ल्यू घेतली तर तिच्या अंगावरची शिवण वाकाच्या आत किंवा बाहेर येऊ देऊ नका, ती बाजूला ठेवा. वाकताना तिथे ताण सर्वांत कमी असतो. जिथे नळी नळीला भिडते तिथे टोक माशाच्या तोंडासारखे कापून फट राहू न देता बसले पाहिजे. फट वेल्डिंगने भरून काढणारा कारागीर कितीही नावाजलेला असो, त्याला नमस्कार करून निघा.

सीओटू की आर्गन, हा वाद शेडशेडमध्ये रंगतो. दोन्हींनी मजबूत जोड होतो. आर्गनला वेळ जास्त लागतो, पण उष्णता ताब्यात राहते. खरा शत्रू आकसणे हा आहे. वेल्ड थंड होताना आकसतो आणि नळ्याला आपल्याकडे ओढतो. म्हणून आधी सगळीकडे टाके, मग आलटून पालटून समोरासमोरच्या बाजू, आणि पूर्ण थंड होईपर्यंत चेसी जिगवरच. कोनसेटच्या नळ्याची दोन्ही तोंडे वेल्डिंगनंतर मशिनवर साफ करून घ्या, नाहीतर वाट्या तिरप्या बसतील. मानेखाली गसेट हवाच. मागे शॉकअप नसलेल्या हार्डटेल चेसीत खड्ड्याचा प्रत्येक दणका थेट जोडांत जातो आणि तडा आधी वेल्डच्या कडेला दिसतो.

आता न आवडणारी गोष्ट. ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर कायदेशीर नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 वाहनाच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते ठामपणे सांगितले. त्याच वर्षी आलेल्या कलम 182अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. नव्या चेसीला केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम 126 प्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेची चाचणी लागते. अशी एक संस्था, एआरएआय, आपल्या पुण्यातच कोथरूडला आहे आणि तिचे केंद्र चाकणलाही आहे. पण ही सगळी प्रक्रिया कारखानदारासाठी आखलेली आहे. एका नगासाठी तिचा खर्च परवडणारा नाही. तेव्हा ही गाडी प्रदर्शनासाठी, खासगी जागेसाठी आणि शिकण्यासाठी बांधायची, हे पहिल्याच दिवशी मनाशी ठरवा. चेसी नंबर कापून नव्या नळीवर चिकटवून देणारे भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. तो सरळ फौजदारी गुन्हा आहे.

पुढच्या आठवड्यात मागचे रुंद टायर आणि चेनची रेषा पाहू. तोवर नळी कापू नका. तुमच्या चाकाची त्रिज्या, हवा तो रेक आणि एक्सलचे अंतर कागदावर मांडून ट्रेल काढा. तो 100 ते 130 मिलिमीटरच्या आसपास येत नसेल, तर भोसरीला जायची घाई करू नका.