बाग इथे, मजले तिथे

मुलुंडच्या विकास आराखड्याचा, म्हणजे डीपीचा, कागद समोर पसरला की डोळे आधी हिरवे तुकडे शोधतात. त्यावर 'आरओएस १.५' असेल तर उद्यान, 'आरओएस १.४' असेल तर खेळाचं मैदान. पण कागद हिरवा झाला म्हणून जमीन हिरवी होत नाही. ती कुणाच्या तरी मालकीची असते आणि उपनगरातले भाव सगळ्यांना ठाऊक आहेत. आरक्षणाची प्रत्येक जागा विकत घ्यायची म्हटली तर महापालिकेची तिजोरी पुरायची नाही. मग बागा झाल्या कशा?

१९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत यावर जी युक्ती होती, ती समजली तेव्हा मी थक्क झालो. मालकाने आरक्षित जमीन पालिकेला द्यायची आणि बदल्यात पैशांऐवजी एक प्रमाणपत्र घ्यायचं. त्या जमिनीवर जेवढं बांधता आलं असतं, तेवढं दुसऱ्या भूखंडावर बांधण्याचा हक्क त्यात असे. तो बिल्डरला विकताही येई. हाच टीडीआर. उपनगरात तेव्हा मूळ एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) १ होता, म्हणजे १,००० चौरस मीटर जमीन दिली की १,००० चौरस मीटर चटईक्षेत्र हातात. कधीच न बांधलेल्या खोल्यांची रोखठोक खरेदी-विक्री! न्यूयॉर्कमध्ये ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या डोक्यावर टॉवर बांधायला शहराने नकार दिला, तेव्हाही स्टेशनवरच्या हवेतले हक्क शेजारच्या भूखंडांवर नेण्याची मुभा होती. १९७८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला.

मुंबईने या युक्तीत एक दिशा घातली. हा टीडीआर दक्षिणेकडच्या शहर भागात वापरता येत नसे. ज्या वॉर्डात तो निर्माण झाला तिथे, नाहीतर त्याच्या उत्तरेला. त्यामुळे घाटकोपरला वाचलेली मोकळी जागा मुलुंडला मजले होऊन उभी राहू शकत होती आणि अंधेरीची बोरिवलीला. २०१६ मध्ये धोरण बदललं, रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारने ठरवलेले जमिनीचे दर हिशेबात आले. पण तोवर पंचवीस वर्षं उपनगरं वर वाढत गेली होती. बाग घाटकोपरकरांना मिळाली, हे उत्तमच. नव्या मजल्यांवरची माणसं मात्र संध्याकाळी मुलुंडच्याच रस्त्यावर उतरतात आणि बसायला जागा शोधतात.

२०३४च्या आराखड्यासाठी पाहणी झाली तेव्हा मुंबईत माणशी मोकळी जागा निघाली १.२४ चौरस मीटर. एक माणूस आडवा होईल अशी चटईदेखील याहून मोठी असते. केंद्राच्या मार्गदर्शक सूचना १० ते १२ चौरस मीटर सांगतात. कुणी म्हणेल, बोरिवलीचं नॅशनल पार्क आहे की, चांगलं १०४ चौरस किलोमीटरचं! ते या हिशेबात धरलेलं नाही आणि ते योग्यच आहे. ते बिबट्यांचं रान आहे, विहार आणि तुळशी तलावांचं पाणलोट आहे. रविवारी कान्हेरी लेणी बघायला येणाऱ्या पर्यटकाला फाटकापासूनचे पाच-सहा किलोमीटर काहीच वाटत नाहीत, पण रोजच्या फेरफटक्याची ती जागा नव्हे. अंधेरीचा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा गिल्बर्ट हिलही तसाच. दोनशे फुटांचा काळा खडक, वर गावदेवीचं देऊळ आणि तिथवर पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्या आजी खालूनच हात जोडतात.

अशा आजींना रोज हवी ती जागा घरापासून फार तर दहा मिनिटांवर असावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ज्येष्ठांना अनुकूल शहरांची मार्गदर्शिका काढली. त्यासाठी ३३ शहरांतल्या ज्येष्ठांशी बोलणं झालं, त्यात दिल्ली आणि उदयपूरही होती. मागण्या साध्या होत्या: बसायला बाक, स्वच्छतागृह, न अडखळता चालता येईल असा फुटपाथ. बागेतले आजोबा उठताना नीट पाहा. बाकाला हात असेल तर त्यावर भार देऊन ते उठतात. नसेल तर शेजाऱ्याचा खांदा लागतो, आणि शेजारी नसेल तर ते बसायचंच टाळतात. दोन लोखंडी हातांवर त्यांची संध्याकाळ ठरते.

१९९१ला पस्तिशीत असलेला माणूस २०३४ मध्ये अठ्ठ्याहत्तर वर्षांचा असेल. त्याच्यासाठी या आराखड्यात उद्यानांबरोबर वृद्धाश्रमांचीही आरक्षणं आहेत. आपल्या गल्लीत काय राखून ठेवलंय हे कुणालाही बघता येतं. प्रॉपर्टी कार्डावरचा सीटीएस नंबर घ्यायचा, पालिकेच्या आराखड्यात तो भूखंड शोधायचा आणि त्यावर हिरवा रंग असेल तर संध्याकाळी तिथे चालत जाऊन प्रत्यक्षात काय उभं आहे ते पाहायचं.