रुमाल टाकून धरलेली जागा

परीक्षा जवळ आली की आमच्या विंगमध्ये खिडक्यांच्या कट्ट्यावर एनर्जी ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांची रांग लागते. सबमिशन, ओरल, मग पेपर, आणि दर वेळी "आज नाइट मारायची आहे" म्हणून एक बाटली! पण या बाटलीतली 'एनर्जी' म्हणजे नक्की काय? ऊर्जा मिळते ती साखरेतून. कॅफिनमधून ऊर्जा मिळत नाही. मग जाग कशी राहते?

आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. ते आपल्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसलं की झोप येते. कॅफिनची रचना त्याच्याशी मिळतीजुळती, म्हणून ते त्या जागा आधीच अडवतं. एसटी स्टँडवर अलिबाग गाडी लागताच खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, अगदी तसं! ॲडेनोसिन बिचारं उभं राहतं, पण गाडीतून उतरत नाही. रुमाल उचलले की सगळी गर्दी एकदम बसते, आणि आपलं डोकं पुस्तकावर आपटतं. रोज रुमाल पडू लागले की मेंदू जादा सीट बसवतो असं मानतात. मग तेवढ्याच जागरणाला दुसरी बाटली लागते.

आता थोडं गणित. एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे अशा पेयात लिटरला 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफिन चालतं. म्हणजे 250 मिलिलिटरच्या बाटलीत जास्तीत जास्त 75. कॅफिनचं अर्धायुष्य साधारण पाच तास (हाफ-लाइफला मराठीत असं म्हणतात हे हा लेख लिहिताना कळलं, कॉन्व्हेंटची कृपा!). रात्री 11 ला घेतलेल्या 75 पैकी पहाटे 4 ला 37 उरतात, सकाळी 9 ला 19. कपॅसिटर डिस्चार्जचा कर्व्हच तो! चार वाजता आडवे झालात तरी अर्धी बाटली अंगात असते. झोप उथळ लागते, आणि वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते तर झोपेतच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिवसाला 300 मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली. 150 मिलिलिटर चहात 30 ते 65 धरा. दोन बाटल्या आणि मेसचे तीन चहा झाले की मर्यादा आलीच.

एकदम बंद केलं तर 12 ते 24 तासांत डोकं ठणकू लागतं, चिडचिड होते, आणि हे नऊ दिवसांपर्यंत चालू शकतं. म्हणून मी आणि माझ्या रूममेटने हळूहळू कमी केलं. आधी संध्याकाळी पाचनंतरची बाटली काढली, मग दुपारची अर्धी केली. तेव्हा लक्षात आलं, दुपारी आम्हाला झोप नाही, तहान लागलेली असते! किनाऱ्यावरची दमट हवा, व्हॉलीबॉलनंतर शर्ट पिळून काढावा असा घाम. कोकम सरबताने काम भागलं. शहाळं उत्तम, पण बाटली 20 रुपयांना आणि शहाळं त्याच्या दुपटीहून महाग, हा काय न्याय? छातीत धडधडत असेल तर मात्र प्रयोग नकोत, सरळ डॉक्टर गाठा.

जुलै 2024 मध्ये शाळांपासून 500 मीटरच्या आत जास्त कॅफिनच्या पेयांवर बंदी आणू, असं तेव्हाचे मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत सांगितलं होतं. ते शाळांपुरतं. आपल्या गेटसमोरच्या टपरीचा त्यात विषयच नव्हता. म्हणून रेक्टर सरांना विनंती: पीएलमध्ये रात्री दहाला मेसमधून ताक किंवा कोकम मिळेल का? नावं मी गोळा करतो.