कार्सिनॉइड अर्बुद

कार्सिनॉइड अर्बुद हे शरीरातील चेता-अंतःस्रावी पेशींपासून उद्भवणाऱ्या, बहुधा सावकाश वाढणाऱ्या अर्बुदांचे जुने नाव होय. ही अर्बुदे मुख्यतः लहान आतडे, आंत्रपुच्छ म्हणजेच अपेंडिक्स, गुदाशय, जठर व फुप्फुसे यांत आढळतात. पचनसंस्थेतील अशा अर्बुदांसाठी आज ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ (एनईटी), मराठीत चेता-अंतःस्रावी अर्बुद, ही संज्ञा रूढ आहे. फुप्फुसांच्या बाबतीत मात्र कार्सिनॉइड हेच नाव अधिकृत वर्गीकरणात टिकून आहे. त्यामुळे एकाच रुग्णाच्या जुन्या व नव्या अहवालांत दोन नावे येऊ शकतात आणि घरच्यांना दोन निरनिराळे रोग झाल्याचा भास होतो.

नावाचा इतिहास

कर्करोग या शब्दातील ‘कर्क’ म्हणजे खेकडा. ‘कार्सिनोमा’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ‘कार्किनोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थही तोच. त्याला ‘सदृश’ या अर्थाचा ‘-ऑइड’ हा प्रत्यय लागून कार्सिनॉइड, म्हणजे कर्करोगासारखे दिसणारे, हे नाव तयार झाले. म्यूनिक येथील विकृतिवैज्ञानिक झीगफ्रीड ओबेर्नडॉर्फर यांनी ते १९०७ मध्ये सुचविले. लहान आतड्यात त्यांना आढळलेल्या गाठी छोट्या, बहुधा एकाहून अधिक व हळू वाढणाऱ्या होत्या. त्या अन्यत्र पसरत नाहीत, त्या निरुपद्रवी आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे १९२९ मध्ये त्यांनी स्वतःच हे मत सुधारले व अशी अर्बुदे मारक होऊन पसरू शकतात, असे नोंदविले. संशोधकाने मत बदलले, पण त्याने दिलेले नाव बदलले नाही. मराठीत ‘कर्काभ’ असा प्रतिशब्द सहज घडविता येईल. मात्र त्याने तीच चूक नव्या वेषात पुढे जाईल. ‘कर्करोगासारखे’ याचा अर्थ ‘कर्करोग नव्हे’ असा घेऊन पुढील तपासण्या सोडून देणे घातक ठरू शकते.

‘न्यूरो’ या उपपदाने दुसराच गैरसमज होतो. अभिनेते इरफान खान यांनी मार्च २०१८ मध्ये आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर झाल्याचे जाहीर केले, तेव्हा ‘न्यूरो’चा संबंध दर वेळी मेंदूशीच असतो असे नाही, हेही त्यांना सांगावे लागले. (२९ एप्रिल २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.) या पेशींत चेतापेशींचे काही गुणधर्म असतात आणि त्या अंतःस्रावी ग्रंथींप्रमाणे संप्रेरकेही तयार करतात, एवढाच त्या जोडनावाचा अर्थ.

कार्सिनॉइड लक्षणसमूह

आतड्यातील या अर्बुदांपैकी काही सेरोटोनिन हे द्रव्य मोठ्या प्रमाणात तयार करतात. आतड्याचे रक्त प्रथम यकृतात जाते व तेथे सेरोटोनिनचे विघटन होते; म्हणून बराच काळ कोणतेही लक्षण दिसत नाही. अर्बुद यकृतात पसरले की ही द्रव्ये थेट सर्व शरीराच्या रक्तात मिसळतात. मग चेहरा व छाती एकाएकी लाल होणे, वारंवार जुलाब, दम लागणे अशी लक्षणे उद्भवतात. हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा जाड होतात. डावी बाजू बहुधा बचावते, कारण फुप्फुसांतून जाताना सेरोटोनिन निष्प्रभ होते.

निदानासाठी २४ तासांच्या लघवीतील ५-एचआयएए या द्रव्याचे मापन करतात. केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड यांत सेरोटोनिन असल्याने चाचणीपूर्वी दोन-तीन दिवस ते खाण्याचे टाळावयाचे असते. परभणीकरांच्या घरी शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरची केळी नित्याची. उपासाच्या दिवसांत तर विशेषच. चाचणी खोटी वाढीव येण्यास तेवढे निमित्त पुरते.

श्रेणी आणि टप्पा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या वर्गीकरणात पचनसंस्थेतील अर्बुदांची श्रेणी पेशीविभाजनाच्या वेगावरून ठरते. केआय-६७ हे प्रथिन विभाजनाच्या मार्गावरील पेशींतच आढळते. (जर्मनीतील कील या शहरावरून त्याचे नाव पडले.) सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा रंग धरणाऱ्या पेशी शेकडा ३ पेक्षा कमी असल्यास श्रेणी १, ३ ते २० असल्यास श्रेणी २ व २० पेक्षा अधिक असल्यास श्रेणी ३. विभाजन पावणाऱ्या पेशींची थेट गणनाही करतात आणि दोहोंपैकी जी श्रेणी वरची येईल ती धरतात. ज्यातील पेशींनी मूळ रूपच गमावलेले असते, तो ‘न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा’ (एनईसी) वेगळा व फार वेगाने वाढणारा रोग आहे. श्रेणी ३ चे अर्बुद आणि हा कार्सिनोमा एकच नव्हेत.

अहवाल वाचताना सर्वांत मोठा घोटाळा येथेच होतो. बोलण्यात ‘पहिल्या स्टेजचा कॅन्सर’ असे म्हणण्याची सवय असल्याने ‘ग्रेड १’ याचा अर्थ ‘पहिला टप्पा’ असा लावला जातो. श्रेणी म्हणजे वाढीचा वेग. टप्पा म्हणजे पसरण्याची व्याप्ती. श्रेणी १ चे अर्बुद यकृतात पोहोचलेले, म्हणजे चौथ्या टप्प्यातीलही असू शकते, आणि तरीही त्याचा रुग्ण योग्य उपचारांनी अनेक वर्षे जगू शकतो. उलट आंत्रपुच्छ काढल्यावर तपासणीत योगायोगाने सापडलेल्या, एक सेंटिमीटरहून लहान गाठीला बहुधा त्या शस्त्रक्रियेपलीकडे काहीच लागत नाही.

उपचार

शक्य असेल तेथे शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार होय. पसरलेल्या रोगात ऑक्ट्रिओटाइडसारखी इंजेक्शने लक्षणे आटोक्यात ठेवतात व वाढही मंदावतात. या अर्बुदांच्या पेशींवर बहुधा सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे ग्राही असतात. त्या ग्राहींना चिकटणाऱ्या रेणूला गॅलियम-६८ जोडून पेट स्कॅन करतात, तर ल्युटेशियम-१७७ जोडून आतूनच किरणोपचार देतात. हे ल्युटेशियम तुर्भे येथील ध्रुव अणुभट्टीत तयार होते आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परळ येथील किरणोत्सारी वैद्यक केंद्रात हा उपचार दिला जातो. त्यासाठी पेशींवर ग्राही असावे लागतात. एनईसीमध्ये ते बहुधा पुरेसे नसतात. म्हणून तेथे सामान्यतः केमोथेरपी देतात.