दीर्घकालीन आजार आणि कुटुंबनियोजन : ख्रिस्ती दांपत्यापुढील प्रश्न

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी स्पष्ट करता येतील :
• आजारामुळे गरोदरपणाचा धोका का आणि किती वाढतो;
• कॅथलिक व प्रोटेस्टंट परंपरांची भूमिका कोठे जुळते आणि कोठे वेगळी होते;
• एकाच दांपत्याचा निर्णय आजाराच्या टप्प्यानुसार कसा बदलतो.

१. प्रस्तावना

‘ख्रिस्ती धर्माला कुटुंबनियोजन मान्य नाही’ असे विधान पुष्कळदा ऐकू येते. हे विधान अपुरे आहे, कारण त्यात दोन प्रश्नांची गल्लत होते. पहिला प्रश्न कारणाचा : मूल सध्या नको, किंवा यापुढे नकोच, असे दांपत्याने ठरवणे योग्य आहे का? दुसरा प्रश्न साधनाचा : तसे ठरवल्यावर कोणता मार्ग वापरावा? पत्नीला गंभीर आजार असेल तर पहिल्या प्रश्नावर भारतातील प्रमुख चर्चमध्ये फारसे दुमत नाही. मतभेद आहे तो दुसऱ्या प्रश्नावर. हा फरक समजून घेण्यासाठी आपण आपल्या देशात अजूनही आढळणाऱ्या एका आजाराचे उदाहरण घेऊ : ऱ्हुमॅटिक हृदयरोग.

२. आजार आणि गरोदरपण

लहानपणी घशाला झालेल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या संसर्गावर वेळेत उपचार झाले नाहीत, तर काही मुलांना ऱ्हुमॅटिक ताप येतो. हा ताप ओसरतो, पण त्यामुळे हृदयाच्या झडपांना कायमची इजा होऊ शकते. बहुधा मायट्रल झडप जाड होते आणि अरुंद होत जाते. अनेक स्त्रियांना हे लग्नानंतर, पहिल्या गरोदरपणात धाप लागू लागल्यावरच कळते.

त्याचे कारण असे. गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि हृदयाची गतीही वाढते. अरुंद झडपेतून रक्त पुढे सरकायला वेळ लागतो, आणि जलद ठोक्यांमुळे नेमका तोच वेळ कमी होतो. मग रक्त फुफ्फुसांच्या बाजूला तुंबते व धाप लागते. झडप फारच अरुंद असेल तर जिवावर बेतू शकते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या सुधारित वर्गीकरणात तीव्र मायट्रल आकुंचन चौथ्या, म्हणजे गरोदरपण टाळावे अशा, वर्गात येते. धातूची कृत्रिम झडप बसवलेल्या स्त्रिया तिसऱ्या वर्गात येतात. त्यांना रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून वॉरफेरिन घ्यावे लागते, आणि हे औषध विशेषतः गरोदरपणाच्या ६ ते १२ आठवड्यांच्या काळात गर्भाला अपाय करू शकते.

मात्र हा धोका कायम एकसारखा राहत नाही. योग्य रुग्णांमध्ये फुग्याच्या साहाय्याने अरुंद झडप रुंद करता येते. ते यशस्वी झाले तर पुढे गरोदरपण सुरक्षितपणे पार पडण्याची शक्यता बरीच वाढते.

३. चर्चची भूमिका : कारण आणि साधन

१९३० हे वर्ष या विषयात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेने ठराव क्रमांक १५ संमत केला. पालकत्व मर्यादित ठेवण्याचे किंवा टाळण्याचे नैतिक कर्तव्य स्पष्टपणे जाणवत असेल, तर संयमाला पहिले स्थान देऊन इतर उपायही ख्रिस्ती तत्त्वांच्या चौकटीत वापरता येतील, असे त्यात मान्य केले. त्याच वर्षाच्या अखेरीस पोप अकरावे पायस यांनी ‘कास्ती कोन्नुबी’ या परिपत्रकात कृत्रिम गर्भनिरोधन नाकारले. तेथून दोन वाटा वेगळ्या झाल्या.

भारतातील अँग्लिकन परंपरा १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियात आणि १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाली. या व बहुतेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये गर्भनिरोधकाची निवड दांपत्याच्या सदसद्विवेकावर सोडली जाते. काही जण फलनानंतर काम करू शकणाऱ्या साधनांना आक्षेप घेतात. म्हणून तांबी मुख्यतः शुक्रजंतूंना निष्प्रभ करून फलनच रोखते, ही माहिती त्यांच्यासाठी महत्त्वाची ठरते.

कॅथलिक चर्चने साधनांबाबत कठोर भूमिका घेतली, पण कारण नाकारले नाही. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये सुइणींपुढे केलेल्या भाषणात म्हटले की वैद्यकीय कारणांमुळे दांपत्य दीर्घकाळ, प्रसंगी संपूर्ण वैवाहिक आयुष्यभरही, अपत्यप्राप्तीच्या कर्तव्यातून मोकळे असू शकते. पोप सहावे पॉल यांच्या १९६८ मधील ‘ह्युमाने व्हिते’ या परिपत्रकात तीन मुद्दे येतात :

(अ) गंभीर कारणासाठी पाळणा लांबवणे किंवा थांबवणे हा जबाबदार पालकत्वाचाच भाग आहे.
(आ) त्यासाठी पाळीच्या चक्रातील वंध्य दिवसांचा आधार घेता येतो. कृत्रिम साधने आणि नसबंदी मात्र वर्ज्य आहेत.
(इ) आजार बरा करण्यासाठी आवश्यक असलेल्या उपचाराने वंध्यत्व येणार असले, तरी तो उपचार घेता येतो. मात्र वंध्यत्व हा त्याचा हेतू नसावा.

याच शिकवणीनुसार नैसर्गिक पद्धतींचे प्रशिक्षण दिले जाते. ऑस्ट्रेलियातील बिलिंग्ज दांपत्याने विकसित केलेली, गर्भाशयमुखातील स्रावाच्या निरीक्षणावर आधारलेली पद्धत त्यांपैकी प्रसिद्ध आहे. मदर तेरेसा यांनी १९७९ च्या नोबेल व्याख्यानात आपल्या भगिनी गरीब दांपत्यांना नैसर्गिक पद्धत शिकवतात, असा उल्लेख केला होता.

४. साधनांकडे आजाराच्या दृष्टीने पाहताना

निरोगी स्त्रीच्या बाबतीत साधन फसले तर नियोजन बिघडते. तीव्र झडपरोग असलेल्या स्त्रीच्या बाबतीत जीव धोक्यात येतो. म्हणून येथे दोन गोष्टी तपासाव्या लागतात : साधन स्वतः सुरक्षित आहे का, आणि ते किती वेळा फसते.

सुरक्षितता : गुंतागुंतीच्या झडपरोगात इस्ट्रोजेनयुक्त संततिनियमनाच्या गोळ्या वापरू नयेत, कारण त्यांनी गुठळीचा धोका वाढतो. केवळ प्रोजेस्टेरॉनसारखे संप्रेरक असलेली साधने चालू शकतात. तांबी बहुधा चालते. पण वॉरफेरिन घेणाऱ्या स्त्रीला पाळीत आधीच जास्त रक्तस्राव होत असेल, तर तांबीने तो आणखी वाढू शकतो. स्त्री-नसबंदीत भूल आणि शस्त्रक्रियेचा भार रोगी हृदयावर पडतो. पुरुष-नसबंदीत पत्नीच्या शरीराला हातच लावावा लागत नाही.

फसण्याचे प्रमाण : अमेरिकेतील आकडेवारीनुसार प्रत्यक्ष वापरात पहिल्या वर्षी १०० पैकी सुमारे १३ स्त्रियांना निरोध वापरूनही दिवस राहतात. तांबीत हे प्रमाण १ पेक्षा कमी, स्त्री-नसबंदीत सुमारे ०.५ आणि पुरुष-नसबंदीत सुमारे ०.१५ असते. नैसर्गिक पद्धतींत ते पद्धतीनुसार २ ते २३ असे बदलते. शरीराच्या तापमानावर आधारलेल्या पद्धतीत ताप किंवा झोपमोड झाल्यास नोंदी बिघडतात. बाळंतपणानंतर अंगावर पाजण्याच्या काळातही चक्र ओळखणे अवघड जाते. गरोदरपणाचा धोका फार मोठा असताना केवळ अशा पद्धतींवर किंवा केवळ निरोधावर विसंबणे पुरेसे ठरेलच असे नाही, अशी सूचना जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत आहे.

५. एक कल्पित उदाहरण

पत्नी २६ वर्षांची, पती ३० वर्षांचा, पदरी दोन वर्षांची मुलगी. दोघेही कॅथलिक आहेत. पत्नीला तीव्र मायट्रल आकुंचन असल्याचे निदान झाले आहे. घरच्यांना दुसरे मूल हवे आहे.

पहिला टप्पा, उपचारापूर्वी : धोका सर्वाधिक आहे, पण काळ मर्यादित आहे. काही महिने पूर्ण संयम पाळणे, किंवा शिक्षकाच्या देखरेखीखाली बीजोत्सर्गानंतरचे दिवसच वापरणे, हे मार्ग चर्चच्या शिकवणीत बसतात. या काळात कायमची नसबंदी करून टाकली, तर उपचारानंतर सुरक्षित होऊ शकणारे मातृत्वही कदाचित हातचे जाईल.

दुसरा टप्पा, फुग्याचा उपचार यशस्वी झाल्यावर : इकोकार्डिओग्राफी करून धोका पुन्हा मोजावा लागतो. आता मूल होऊ देणे हाही एक खरा पर्याय असतो.

तिसरा टप्पा, धातूची झडप बसवावी लागल्यास : धोका आणि वॉरफेरिन दोन्ही दीर्घकाळ राहतात. खरा पेच येथे आहे. वैद्यकीय दृष्टीने पुरुष-नसबंदी पत्नीसाठी सर्वांत निर्धोक. कॅथलिक शिकवणीनुसार ती वर्ज्य. प्रोटेस्टंट दांपत्यापुढे हा पेच याच स्वरूपात येत नाही. कॅथलिक दांपत्याला मात्र धर्मगुरू आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघांशीही मोकळेपणाने बोलावे लागते. त्यात संयमाचा भार कोण उचलतो आणि पद्धत चुकल्यास धोका कोणाच्या शरीराला आहे, हे पतीला माहीत असणे आवश्यक आहे. आजारपणातही साथ देण्याचे जे वचन विवाहविधीत दिले जाते, त्याचा व्यावहारिक अर्थ येथे कळतो.

६. भारतातील कायदा आणि व्यवस्था

भारताने १९५२ मध्ये राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला. शासकीय निकषांनुसार नसबंदीसाठी सामान्यतः एक वर्षापेक्षा मोठे एक तरी मूल असावे लागते; वैद्यकीय कारण असेल तर ही अट लागत नाही. नसबंदीसाठी जोडीदाराची संमती बंधनकारक नाही. तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्री-नसबंदीवर, तर केवळ ०.३ टक्के पुरुष-नसबंदीवर अवलंबून होत्या. स्त्रीवरच शस्त्रक्रिया करण्याचा कल यातून लक्षात येतो.

१९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार स्त्रीच्या जिवाला धोका असल्यास गर्भपात करता येतो आणि सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. कॅथलिक शिकवण थेट गर्भपात मान्य करत नाही. कॅथलिक धोरण पाळणाऱ्या रुग्णालयात नसबंदी किंवा गर्भपाताची सेवा मिळणार नाही, हे ध्यानात घेऊन दांपत्याने आपल्याला हवी ती सेवा कोठे मिळेल याची चौकशी आधीच करावी. आणीबाणीच्या वेळी शोधाशोध करायला वेळ नसतो.

७. सारांश

गंभीर आजारात गरोदरपण टाळणे हे दोन्ही परंपरांना समजणारे कारण आहे. वाद साधनाचा आहे. साधन निवडताना धोका किती मोठा, किती काळ टिकणारा आणि साधन फसल्यास परिणाम काय, हे तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. थोड्या काळाच्या धोक्यासाठी कायमचा उपाय आणि जीवघेण्या धोक्यासाठी कच्चा उपाय, या दोन्ही चुका टाळता येण्याजोग्या आहेत. श्रद्धा या प्रश्नांची जागा घेत नाही. ज्यांना श्रद्धेनुसार कमी साधने उपलब्ध आहेत, त्यांना तर वैद्यकीय माहिती अधिक अचूक लागते.

स्वाध्याय

१. ‘कारण’ आणि ‘साधन’ यांतील फरक १९३० मधील दोन भूमिकांच्या आधारे स्पष्ट करा.
२. साधन फसण्याच्या प्रमाणाचे महत्त्व आजाराच्या तीव्रतेनुसार का बदलते?
३. उदाहरणातील दांपत्य चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे असते, तर तिसऱ्या टप्प्यातील चर्चा कशी बदलली असती? कोणते प्रश्न तसेच राहिले असते?