प्रशिक्षकाचा अधिकार

मालवणजवळ तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा-प्रशिक्षण संस्था आहे. अशा ठिकाणी विद्यार्थी मुखवट्यात शिरलेले पाणी बाहेर काढावयास प्रथम तलावात शिकतो. गढूळ समुद्रात मात्र तोच गांगरून, श्वास रोखून वर धावला, तर फुप्फुसे फाटण्याचे भय असते. कारण १० मीटरांवर हवेचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. मग त्याला प्रमाणपत्र द्यावे काय?

याविषयी संस्थांत एकमत नाही. १९६० मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली ‘नॉई’ आपले नियम किमान समजते. स्थानिक पाणी पाहून प्रशिक्षकाने अधिक कसोट्या लावाव्यात व त्या पार पडेपर्यंत प्रमाणपत्र रोखावे, अशी मुभा ती देते. १९६६ मध्ये निघालेल्या ‘पॅडी’त सराव वाढविता येतो, प्रमाणपत्राच्या अटी मात्र वाढविता येत नाहीत. प्रशिक्षकाच्या लहरीला आळा बसावा आणि प्रमाणपत्राचा अर्थ सर्वत्र एकच राहावा, हा त्यामागील हेतू. आणि तो रास्तच होय. तथापि कौशल्य सहजतेने, पुनःपुन्हा करून दाखविता आले पाहिजे, असे ‘पॅडी’ही म्हणते. ‘सहजतेने’ म्हणजे काय, हे अखेर पाण्यात शेजारी असलेल्या प्रशिक्षकालाच ठरवावे लागते.