आकस्मिक मृत्यूची चौकशी व वर्गीकरण : महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात

मृत्यूचे कारण आणि मृत्यूचा प्रकार या दोन भिन्न बाबी होत. कारण वैद्यकीय अधिकारी सांगतो. अपघात, आत्महत्या, मनुष्यवध की नैसर्गिक आपत्ती, हे तपासातून ठरते. मुंबईत ही चौकशी १९९९ पर्यंत कॉरोनरकडे होती. महाड व पोलादपूर तालुक्यांत असा अधिकारी कधीच नव्हता. येथे पोलीस पाटलाने खबर द्यावी, ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद व्हावी आणि पंचांसमक्ष पंचनामा होऊन प्रेत शवविच्छेदनास पाठवावे, अशी रीत आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मधील ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आली आहे.

२४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरातील तारिक गार्डन ही इमारत कोसळून १६ जण मृत्युमुखी पडले. २२ जुलै २०२१ रोजी याच तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली व ८० हून अधिक बळी गेले. ढिगाऱ्याखाली सापडलेल्या देहावरील खुणा दोन्हीकडे सारख्याच असू शकतात. चिरडणे अथवा गुदमरणे. तरीही पहिल्या घटनेत सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला, दुसरी नैसर्गिक आपत्ती गणली गेली. हा भेद शरीरावर दिसत नाही. तो बांधकामाच्या नमुन्यांत आणि परवानगीच्या कागदपत्रांत शोधावा लागतो. डोंगरउताराची अशी झडती मात्र मृत्यूच्या चौकशीत क्वचितच होते.

मृतदेहच न मिळाल्यास प्रश्न अधिक बिकट होतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना पूल वाहून गेला आणि दोन एस.टी. गाड्या पुरात गेल्या. काही प्रेते पार समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहत गेली, काही मिळालीच नाहीत. प्रेत जेथे सापडते तेथील पोलिसांनी पंचनामा करावयाचा. त्यानंतर ओळख पटवून ते मूळ घटनेशी जोडावयाचे. जे सापडत नाहीत त्यांच्यासाठी साक्षीपुराव्याच्या कायद्यातील सात वर्षांचे गृहीतक आहे. तेवढा काळ मृत्यूचा दाखला नाही, म्हणून विम्याची रक्कम अडते आणि सातबारावरील वारसनोंदही रखडते. तथापि हे गृहीतक म्हणजे सक्तीची प्रतीक्षा नव्हे. सबळ परिस्थितिजन्य पुराव्यावरून मृत्यू त्यापूर्वीही सिद्ध करता येतो. तळिये येथे शोधकार्य थांबवून न सापडलेल्यांना मृत मानण्यात आले. अशा वेळी शवविच्छेदन अहवालाची जागा घेतात ते त्या घटकेस घरात कोण होते, हे सांगणाऱ्या आप्तांचे व शेजाऱ्यांचे जबाब.