संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावावर?

पेढीचा व्यवहार जाणणाऱ्या घरात एक गोष्ट शिकवावी लागत नाही. दुकानाची जागा भाड्याची असली तरी चालते, फळ्या-कपाटे जुनी असली तरी चालतात, पण पाटीवरचे नाव दुसऱ्याच्या मालकीचे असून चालत नाही. स्वतःचे संकेतस्थळ सुरू करताना मात्र नेमके हेच भान सुटते. रंग कोणता असावा, फोटो किती घ्यावेत, खर्च किती येईल यावर घरात तास-तास चर्चा होते. ते नाव कोणाच्या नावावर नोंदले गेले, हे कोणी विचारत नाही.

पहूरसारख्या गावाला संकेतस्थळाची गरज काय, असा प्रश्न जुन्या पिढीकडून येतो आणि तो रास्त आहे. जळगावहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता आणि पाचोरा-जामनेर रस्ता येथे एकमेकांना भेटतात. गिऱ्हाईक पायाने येतेच. परंतु हल्ली येण्यापूर्वी ते मोबाइलवर पाहते. दुकान किती वाजता उघडते, हवे ते बियाणे किंवा हवा तो कापडाचा प्रकार मिळतो का, फोन कोणाला करावा, हे त्याला आधी हवे असते. परगावचा ठोक व्यापारी नव्या पेढीला उधारीवर माल देण्यापूर्वी तिची माहिती शोधतोच. शिवाय पहूर हे नाव एकट्या आपले नाही. यवतमाळ जिल्ह्यात पहूर आहे, शेगाव तालुक्यात पहूरजिरा आहे. ‘पहूर पेठ, ता. जामनेर, जि. जळगाव’ किंवा ‘पहूर कसबे’ असा पूर्ण पत्ता आपल्याच पानावर स्पष्ट असला, तर पार्सल आणि पाहुणा दोघेही भलतीकडे जात नाहीत.

संकेतस्थळाचे तीन भाग असतात आणि ते तिन्ही वेगवेगळे विकत वा भाड्याने घेता येतात, हे समजले की निम्मी भीती जाते. पहिले नाव, ज्याला डोमेन म्हणतात. दुसरी जागा, म्हणजे ज्या संगणकावर आपली पाने ठेवली जातात तो भाड्याचा गाळा. याला होस्टिंग म्हणतात. तिसरी ती पाने, म्हणजे दुकानातील मांडणी. जागा उद्या बदलता येते, मांडणी दर दिवाळीला बदलता येते. नाव बदलले तर मात्र छापलेली बिले, पिशव्या, कार्डे आणि लोकांच्या लक्षात राहिलेली ओळख एका झटक्यात वाया जाते.

फुकटच्या जागेचा मोह अनेकांना पडतो, म्हणून दोन घटना सांगितल्या पाहिजेत. १९९४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या जिओसिटीज या सेवेने लोकांना फुकट पाने दिली. पुढे ती याहूने विकत घेतली आणि २००९ च्या ऑक्टोबरमध्ये बंद केली. लोकांनी हौसेने उभी केलेली असंख्य पाने त्याबरोबर गेली. ही जुनी गोष्ट वाटत असेल तर दुसरी ताजी आहे. गूगल छोट्या दुकानदारांना नकाशावरील नोंदीबरोबर एक फुकट संकेतस्थळ करून देत असे. मार्च २०२४ मध्ये ती सर्व संकेतस्थळे बंद झाली. नकाशावरील नोंद राहिली, पण पाटीवर छापलेला तो पत्ता निरुपयोगी ठरला. नकाशावरील नोंद अवश्य करावी, ती फुकट आहे आणि उपयोगाची आहे. तिला आपले घर मात्र समजू नये.

याच्या उलट उदाहरण मराठीतच आहे. अमेरिकेतील मराठी मंडळींनी १९९६ च्या गणेश चतुर्थीला ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्या काळी संगणकावर देवनागरी उमटवण्यासाठी प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा असे आणि तो फॉन्ट नसलेल्या वाचकाला पडद्यावर निव्वळ गिचमीड दिसे. पुढे युनिकोड आले, आतील यंत्रणाही बदलली. नाव तेच राहिले आणि वाचक त्याच नावाने येत राहिले.

तर मग नाव नोंदवायचे कसे? मान्यताप्राप्त नोंदणी संस्था, म्हणजे रजिस्ट्रार, अनेक आहेत. नाव कायमचे विकत मिळत नाही. ते एका वर्षापासून दहा वर्षांपर्यंत घेता येते आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावे लागते. पहिल्या वर्षाचा स्वस्त दर पाहून हुरळू नये, दुसऱ्या वर्षापासूनचा दर आधी विचारावा. नोंदणीच्या अर्जात ‘नोंदणीधारक’ असा रकाना असतो. तेथे पेढीचे किंवा मालकाचेच नाव हवे. संकेतस्थळ करून देणाऱ्या तरुणाने सोयीसाठी तेथे स्वतःचे नाव आणि स्वतःचा ईमेल घातला, तर कागदोपत्री नाव त्याचे होते. त्याच्या मनात काही वाईट असते असे नाही. पण तो पुण्याला नोकरीला गेला, नंबर बदलला, आणि नूतनीकरणाची सूचना त्याच्या न उघडलेल्या ईमेलमध्ये पडून राहिली, की आपण काय करणार? मुदत उलटल्यावर काही दिवसांची सवलत सहसा मिळते, मग जादा रक्कम भरून सोडवण्याचा काळ असतो, आणि त्यानंतर ते नाव कोणीही घेऊ शकतो.

ज्या ईमेलवर नोंदणी करायची तो घरातील जबाबदार माणसाच्या हाती असावा. मुलाच्या कॉलेजने दिलेला ईमेल नको, पदवीबरोबर तोही संपतो. त्याच नव्या संकेतस्थळाच्या नावाचा ईमेलही नको. नाव बंद पडले तर ते सोडवण्याचा निरोप बंद पडलेल्या पेटीतच येईल. पासवर्ड, रजिस्ट्रारचे नाव आणि मुदतीची तारीख तिजोरीतील कागदांबरोबर ठेवावी आणि दरवर्षी वहीपूजनाच्या दिवशी ती तारीख नव्या वहीत उतरवून घ्यावी.

नाव निवडताना आडनावाची गंमत होते. ‘ललवाणी’ रोमन लिपीत लिहिताना व्ही की डब्ल्यू, यावर एका घरातही एकमत नसते. ‘पहूर’मध्ये एक यू की दोन ओ, हाही तसाच प्रश्न. फोनवर एकदा सांगून समोरच्याला अचूक लिहिता येईल असेच नाव घ्यावे, आणि परवडत असेल तर दुसरे स्पेलिंगही घेऊन पहिल्याकडे वळवावे. ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ अशा शेवटाचे नावही मिळते. ते दिसते सुंदर. मात्र देवनागरी ईमेल पत्ता अजून सगळीकडे स्वीकारला जात नाही, म्हणून माझ्या मते ते जोडनाव म्हणून घ्यावे, मुख्य नाव रोमनच ठेवावे.

एकत्र कुटुंबातील पेढ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाटणीच्या कागदात दुकान, गोदाम, येणे-देणे सारे लिहिले जाते. डोमेनचा उल्लेख राहून जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात स्पष्ट केले, की डोमेन हा नुसता पत्ता नसून व्यापारी नावाप्रमाणे त्यालाही संरक्षण मिळते. म्हणजे ती मालमत्ताच झाली. भाऊ वेगळे होताना नाव कोणाकडे राहणार, हे प्रेमाने बोलणे चालू आहे तोवरच लिहून ठेवणे बरे.

पाने तयार करण्याचे काम त्यामानाने सोपे आहे. २००३ पासून उपलब्ध असलेली वर्डप्रेस ही प्रणाली फुकट आहे आणि मराठीतही चालते. मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. मजकुराचे चित्र करून लावले तर शोधणाऱ्याला तो सापडत नाही. पत्त्याच्या सुरक्षिततेचे प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी मोफत मिळते, त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर कारण विचारावे. ऑनलाइन पैसे घेण्याची घाई नको. स्वतःच्या संकेतस्थळावरून विक्री सुरू केली, की २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार पेढीचे कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव तेथे द्यावे लागते. ते सांभाळण्याची तयारी झाली की मग तो विचार करावा.

जगातील पहिले संकेतस्थळ १९९१ मध्ये सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी केले, तेव्हा त्यात साधा मजकूर होता. आपलेही पहिले पान एकच असू द्यावे: पेढीचे नाव, कोणता माल मिळतो, पूर्ण पत्ता, वेळ, आठवड्याची सुट्टी, बोट लावताच फोन लागेल असा नंबर आणि दुकानाचा दिवसा काढलेला फोटो. ते पान घरातील सर्वांत जुन्या मोबाइलवर उघडून पाहावे. एवढे काम एका रविवारच्या दुपारी होते. मालाचे फोटो नीट काढायचे म्हटले तर आणखी दोन रविवार लागतात.